कुणाची हरकत नसल्यास

वॉशिंग्टन
२६ ऑगस्ट

ज्येष्ठ भगिनी लॉरेट हिच्या चरणी धाकट्या क्लोव्हिसची रीतसर तक्रार.

गेल्या महिन्यात तू मला प्लॉयचं पीठ पाठवलंस. हेतू शुद्ध होता, याबद्दल वाद नाही. परंतु पुडक्यावर पत्ता घातलास तो माझ्या कचेरीचा. सेनेटकडे येणारी प्रत्येक वस्तू आधी शहराबाहेरच्या एका गोदामात जाते आणि तिथं तिच्यावर असे काही किरण सोडतात की जंतू, विष आणि चव ही तिन्ही एकदमच नाहीशी व्हावीत. पीठ माझ्या टेबलावर आलं तेव्हा त्याचा रंग जुन्या पोथीसारखा झाला होता आणि वास जळक्या वायरीसारखा. तरीही मी रविवारी तवा तापवला, शेजारच्या बाईंना जेवायला बोलावलं, आणि मी लोणी आणायला वळलो तेवढ्यात त्यांनी प्लॉय उलटवली. लॉरेट, उलटवली. एकाच बाजूनं भाजायच्या या धिरड्याला दोन्ही बाजूंनी चटका देण्याचं पाप आपल्या खोऱ्यात आजवर कुणी केलं नसेल, ते माझ्या स्वयंपाकघरात झालं. पीठ वेळेवर घरी आलं असतं तर मी ते एकट्यानं खाल्लं असतं आणि बाई या पातकातून वाचल्या असत्या. सबब, यापुढं पीठ घरच्या पत्त्यावर पाठवावं.

तक्रार संपली. आता कामाचं.

ऑटिझमचा कायदा तीस सप्टेंबरला संपतो. कायदा संपायला तो काय दुधाची बाटली आहे, असं तू म्हणशील. पण हा तसाच आहे. ऑटिझमवरचं संशोधन, डॉक्टर-थेरपिस्टांचं प्रशिक्षण, आणि रस्ता जिथं संपतो अशा तुमच्यासारख्या गावांना मिळणारी सेवा, या सगळ्याला ज्याच्या आधारानं केंद्राचा पैसा मिळतो तो हा कायदा जन्मतानाच स्वतःच्या श्राद्धाची तिथी अंगावर लिहून येतो. तिथीच्या आत दोन्ही सभागृहांनी त्याला पाच वर्षांचं नवं आयुष्य द्यायचं असतं. खालच्या सभागृहानं दिलं. आता आमचं सेनेट. आरोग्य समितीत या मसुद्याचं सारथ्य माझ्याकडं आहे. कर्ता पहिल्या पानावर आणि क्रियापद चौथ्या पानावर अशी वाक्यं दिसली तर ती माझी समज.

असे कायदे आमच्याकडं हात वर करून होत नाहीत. शंभर सेनेटरांच्या कचेऱ्यांना एकदम निरोप जातो: अमुक विधेयक मंजूर करायचं आहे, कुणाची हरकत असल्यास अमुक वेळेपर्यंत फोन करावा. मग आम्ही फोनकडं बघत बसतो. फोन वाजला नाही की मंजूर. त्या न वाजणाऱ्या फोनवर मी पंचवीस वर्षं पोट भरलं आहे. सेनेटात शांततेइतकं कर्तबगार कुणी नाही.

चोवीस सप्टेंबरला इथं एक बैठक आहे. सेनेटरांचे मदतनीस येतील. त्यांना आकडे पाठ असतात, माणूस भेटलेला नसतो. म्हणून मी तुझ्या रेमीचं नाव घातलं आहे. त्यानं टॅबलेटवर चार वाक्यं टाइप करायची, टॅबलेटनं ती बोलून दाखवायची. गेल्या रविवारी फोनवर मी त्याला सगळं समजावलं. तो काही बोलला नाही, टॅबलेटही बोलला नाही. तेव्हा सेनेटच्या प्रथेनुसार ठराव मंजूर समजून मी तुम्हा दोघांची विमानाची तिकिटं काढली आहेत.

तुझा किरणबाधित भाऊ,
क्लोव्हिस


सेंट अगाथा
५ सप्टेंबर

क्लोव्हिस,

पीठ घरी पाठवते आहे. सोबत मोहरीतल्या काकड्यांची बरणी आहे. ती कुणाला उलटवता येणार नाही.

चोवीस सप्टेंबर? अरे, तू इथंच जन्मलास ना? चोवीसला बटाट्याची काढणी असते. शाळा बंद, बिंगो बंद, काढणीत कुणी लग्न करत नाही, मरायचंसुद्धा लोक ऑक्टोबरवर ढकलतात. वॉशिंग्टनच्या मंडळींचं मी समजू शकते. पण थिबोडोंच्या शेतात पिंपं भरून तुझ्या पाठीचं धनुष्य झालं होतं, त्या पाठीलाही काही आठवलं नाही?

आता तुझ्या त्या शांततेबद्दल. तुझ्या कचेरीत गप्प बसणं म्हणजे हो असेल. या घरात गप्प बसणं म्हणजे गप्प बसणं. कधी पोट दुखत असतं, कधी फ्रिज नेहमीपेक्षा वेगळा आवाज करत असतो, कधी 'नको' असतं, आणि कधी विचार चालू असतो, जेवणापर्यंत कळवतो म्हणून. मला हे समजायला वीस वर्षं लागली. तुला एका फोनमध्ये समजलं. पण तुझा तरी काय दोष? कॉलेजच्या कारकुनानं दुबे हे आपलं फ्रेंच आडनाव वाचून तुला हिंदुस्थानातला समजून संस्कृतच्या वर्गात बसवलं, आणि तू हरकत न घेता चार वर्षं तिथंच बसलास. तेव्हापासूनच तुझ्या डोक्यात बसलं असणार की गप्प राहिलं की सगळं मंजूर होतं.

या वर्षी रेमी थिबोडोंच्या काढणीच्या यंत्रावर उभा राहणार आहे. पट्ट्यावरून बटाटे येतात, त्यांतले दगड निवडायचे. ब्रेनानं जमवलं हे. ब्रेना म्हणजे ती स्पीच थेरपीची मुलगी, तुझ्याच कायद्याच्या पैशावर शिकते आहे. महिन्यातून एकदा विद्यापीठातून गाडी हाकत येते, चर्चच्या तळघरात बसते, आणि खोऱ्यातली सगळी मुलं तिथं जमतात. रेमीला टॅबलेट तिनंच शिकवला. मला म्हणाली, लॉरेट, त्या यंत्रावर सगळ्यांच्याच कानांवर टोपणं असतात, कुणी बोलत नाही, कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नाही, रेमीसाठी याहून चांगली नोकरी शोधून सापडणार नाही. मी चाचणीच्या दिवशी बघायला गेले होते. खरंच सांगते, त्या यंत्रावर सगळं गावच रेमीसारखं वागतं.

तरी वॉशिंग्टनला येईल तो. मामाचं, म्हणजे त्याच्या मोनोंकचं, पत्र आलं की पाकीट कुणाला फोडू देत नाही. थिबोडोंना मी दोन दिवसांचं सांगते.

पण तू मला सरळ सांग, समास-बिमास न करता: तीस तारखेनंतर ब्रेना येणार की नाही? तिला विचारलं तर तिलाच माहीत नाही. ती यायची थांबली तर या मुलाचं सगळं माझ्या एकटीवर येतं. माझ्या जेरार्डला जाऊन आता सहा वर्षं झाली, आणि माझा गुडघा जिना बघूनच कुरकुरतो.

गेल्या गुरुवारी आम्ही बँगोरला जाऊन आलो. एक काम होतं.

लॉरेट


वॉशिंग्टन
१३ सप्टेंबर

प्रिय लॉरेट,

काढणीचा अपराध मान्य. बटाट्याच्या मुलानं बटाट्याची तिथी विसरावी याला शास्त्रात प्रायश्चित्त नाही. काकड्यांची बरणी मी उभ्या उभ्या संपवली, हेच प्रायश्चित्त समज.

ब्रेनाचं म्हणशील तर मुदत टळली म्हणजे दुसऱ्या दिवशी दिवे जातात असं नाही. सरकारी गाडा बंद पडला तरी उतारावर बराच वेळ घरंगळतो. तेव्हा उगाच घोर लावून घेऊ नकोस.

इथं एक फोन वाजला आहे. पश्चिमेकडच्या एका राज्याचे सेनेटर आहेत. त्या राज्यात माणसांपेक्षा गुरं जास्त, आणि गुरंही एकमेकांपासून लांब उभी असतात. त्यांची हरकत आहे. शंभरांतला एक अडून बसला की आमची ती सुप्रसिद्ध शांतता जागच्या जागी थिजते. त्यांच्या कचेरीत टॅगार्टबाई म्हणून आहेत, त्या माझ्याशी इतक्या सभ्यपणे बोलतात की मला धडकी भरते. हरकत नेमकी काय ते सांगत नाहीत. म्हणून चोवीसची बैठक आता फारच महत्त्वाची झाली आहे. टॅगार्टबाई येणार आहेत. त्यांनी रेमीला एकदा पाहिलं की पुढचं सोपं जाईल.

आणि बँगोरला कसलं काम? बूट घ्यायला तीन तास कुणी गाडी चालवत नाही.

क्लोव्हिस


सेंट अगाथा
१८ सप्टेंबर

मोनोंक क्लोव्हिस,

हे मी लिहिलं. ब्रेनाने छापून दिलं. ममाला सांगितलं नाही. पेटीत पत्र मी टाकलं आणि पोस्टमनला कळावं म्हणून पेटीची लाल झेंडी मी वर केली.

मी वॉशिंग्टनला येणार नाही.

तू फोनवर विचारलंस आणि लगेच पुढचं बोललास. मी उत्तर शोधत होतो. उत्तर सापडलं तेव्हा तू पिठाबद्दल बोलत होतास.

मी थिबोडोंच्या यंत्रावर आहे. दगड आणि बटाटे सारखे दिसतात. हाताला वेगळे लागतात. सोमवारी पट्ट्यावरून एक बूट आला. कोणाचा ते कोणालाच माहीत नाही.

बँगोरला पण नाही. तिथे एक घर आहे. माझ्यासारखे चार जण राहतात. एका बाईने मला खोली दाखवली. खोलीतला दिवा आवाज करत होता. ममा म्हणाली छान आहे ना. मी काही म्हणालो नाही. ममाने सही केली. ममाला वाटतं मी हो म्हणालो.

तुम्ही दोघं सारखंच करता.

ब्रेना म्हणाली टॅबलेटवर नाहीचं बटण मोठं करू. मी ते लाल केलं.

तुझ्या पत्रात विनोद फार असतात. ममा वाचून दाखवते. दोन चांगले होते.

रेमी

ममाला रागावू नकोस. तिचा गुडघा दुखतो.


सेंट अगाथा
२८ सप्टेंबर

क्लोव्हिस,

तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. तू रागावला नसतास हे मला ठाऊक आहे. तू काहीतरी गमतीचं बोलला असतास आणि मला ते सहन झालं नसतं.

त्याने तुला पत्र लिहिलं हे मला त्यानेच सांगितलं. जेवताना टॅबलेट माझ्या ताटाशी आणून ठेवला. त्या दिवशी सकाळी झेंडी वर दिसली होती, मला वाटलं विजेच्या बिलाचा चेक घातलाय पेटीत.

तर ऐक. नोव्हेंबरात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. सहा आठवडे जिना नाही, गाडी नाही. ऑगस्टमध्ये ब्रेना म्हणाली की सप्टेंबरनंतरचं तिला सांगता येत नाही. त्याच आठवड्यात बँगोरहून फोन आला की एक जागा रिकामी झाली आहे, आता घेतली नाही तर पुन्हा कधी ते सांगता येत नाही. चांगलं घर आहे रे. स्वच्छ. खिडकीतून नदी दिसते. मी साठीला आले, मला वाटलं कधीतरी हे करावंच लागणार, मग मी धडधाकट असतानाच का नको? त्याला विचारलं, छान आहे ना? तो खिडकीकडं बघत राहिला. मला वाटलं, नदी बघतोय.

दिवा आवाज करत होता म्हणे. मला ऐकूही आला नाही.

तुला मी केवढं सुनावलं होतं गप्प बसण्यावरून. ते पत्र टाकलं तेव्हा बँगोरला सही करून आठवडा झाला होता. आपण दोघं एकाच तव्यावरचे.

बँगोरला फोन करून सही मागं घेतली. बाईंनी विचारलं, "कारण काय लिहू?"

म्हटलं, "हरकत आहे, असं लिहा."

"कुणाची?"

"ज्यांना राहायचं होतं त्यांचीच."

बाई म्हणाल्या, "बरं झालं, आधीच सांगितलंत." खरंच बऱ्या आहेत त्या.

आता घरात लाल बटणाचं राज्य आहे. कोंबडीचं स्ट्यू, नाही. रविवारची प्रार्थना, नाही. निळी टोपी, नाही, आणि पाच मिनिटांनी तीच डोक्यावर. मी हसले, मग व्हरांड्यात जाऊन थोडी रडले, मग स्ट्यू मी एकटीनं खाल्लं.

बँगोरला नाही म्हणून बसले आहे खरी. पण ब्रेना आली नाही तर पुढं काय, हे मला माहीत नाही. परवा तुझी तीस तारीख. या वेळी घरंगळणाऱ्या गाड्याची गोष्ट सांगू नकोस.

लॉरेट


वॉशिंग्टन
३ ऑक्टोबर

प्रिय लॉरेट,

सरळ उत्तर. कायदा तीस तारखेला संपला. ब्रेनाचं शिक्षण आणि तिची गाडी यांचे पैसे जूनपर्यंतचे आधीच गेले आहेत, त्यामुळं जूनपर्यंत ती येईल. त्याच्या आत नवा कायदा झाला नाही तर विद्यापीठ पुढच्या वर्षी माणसं घेणार नाही आणि चर्चचं तळघर रिकामं राहील. हे मी तुला तेराला लिहायला हवं होतं. तू घाबरशील म्हणून लिहिलं नाही, आणि तू त्याआधीच घाबरून बँगोरला जाऊन आली होतीस.

चोवीसची बैठक झाली. रेमीची खुर्ची मी उचलू दिली नाही. टॅगार्टबाई तिच्याशेजारीच बसल्या. मी कोष्टकं मांडली, नकाशे दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "दुबे, हा पैसा गावाच्या शेवटच्या सिग्नलपलीकडं जातो का हो?"

मी म्हटलं, "बाराव्या पानावर—"

"बारावं पान मीही वाचलंय. आमच्या राज्यात तो विद्यापीठाच्या पार्किंगपर्यंत येतो आणि तिथंच चहा पीत बसतो. मी काय विचारते, तुम्ही स्वतः कधी कुणाच्या घरापर्यंत गेलेला पाहिलाय?"

लॉरेट, पंचवीस वर्षांत मला हरकत इतकी रास्त कधी वाटली नव्हती. आणि उत्तर माझ्या कोटाच्या खिशात होतं, चार घड्या घातलेलं. दगड, बटाटे आणि एक बूट. पण ते मी बाहेर काढलं नाही. ते माझं नव्हतं.

म्हणून विनंती. रेमीला विचार: तुझं पत्र टॅगार्टबाईंना दाखवू का? विचार आणि मग थांब. मध्ये पिठाबद्दल बोलू नकोस. मी इथं कितीही दिवस थांबेन.

वॉशिंग्टनची तिकिटं रद्द केली. विमान कंपनीनं कारण विचारलं, मी तुझंच उत्तर दिलं. त्यांना कळलं नाही, पण मला छान वाटलं.

आणि दोन विनोद चांगले कोणते होते, हेही जमल्यास विचार.

क्लोव्हिस


सेंट अगाथा
२२ नोव्हेंबर

क्लोव्हिस,

फोनवर त्याचं 'हो' तुला कळवलंच होतं, पण सगळं लिहायला आत्ता हात मोकळे झाले. तुझा प्रश्न मी त्याला सकाळी कॉफीच्या वेळी विचारला आणि जीभ चावून बसले. त्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. मी भांडी घासली, बटाटे सोलले, एकदा तर तोंडात बोळा कोंबावासा वाटला. मग एका संध्याकाळी यंत्रावरून आला, हात धुतले, आणि टॅबलेट म्हणाला: दाखव. ममाची सही आणि गुडघा काढ. बूट ठेव.

विनोदांबद्दल म्हणाला, आठवत नाही. हे तुला लावून घ्यायचं कारण नाही.

ऑपरेशन नीट झालं. घरी आहे. थिबोडोंची रोझलिन संध्याकाळी येते, ब्रेना या महिन्यात दोनदा आली, एकदा कामासाठी आणि एकदा उगाच, केक घेऊन. खालच्या खोलीत माझा पलंग लावलाय. तुझी वरची जुनी खोली रेमीने घेतली आहे, दगडांसाठी. काढणीत निवडलेले त्याने रोज खिशातून घरी आणले. आता खिडकीपासून दारापर्यंत मांडलेत, कुठल्या हिशोबानं ते विचारू नकोस, मी एक हलवला तर पुन्हा जागेवर आला.

आणि एक नवीनच सुरू झालंय. पाणी आणू का, उशी देऊ का, खिडकी लावू का, असं टॅबलेटवर विचारतो आणि उत्तर मिळेपर्यंत समोर उभा राहतो. मी 'हं' म्हटलं तर चालत नाही. मान हलवली तर चालत नाही. काल मी झोपेचं सोंग घेतलं, तर डोळे उघडेपर्यंत तिथंच उभा. शेवटी म्हटलं, "हो रे बाबा, आण पाणी." आणलं. प्यायला मला तहानच नव्हती.

तुझ्या बाईंचं काय झालं ते कळव. जून काही लांब नाही.

लॉरेट


वॉशिंग्टन
१९ डिसेंबर

प्रिय लॉरेट,

झाला. काल संध्याकाळी सेनेटनं कायदा मंजूर केला. राष्ट्राध्यक्षांची सही व्हायची आहे, पण ती अडेल असं इथं कुणाला वाटत नाही. ब्रेना येत राहील, आणि तिच्या पाठोपाठ येणारी कुणी दुसरीही. रोझलिनला, थिबोडोंना आणि त्या तळघराच्या पाद्र्यांना सांग.

तपशील असा. टॅगार्टबाईंना मी पत्र नेऊन दिलं, सांगितल्याप्रमाणे सही आणि गुडघा झाकून. त्यांनी उभ्यानंच वाचलं. बुटापाशी हसल्या. म्हणाल्या, "आमच्या वडिलांच्या शेतात दगड वेचण्यात माझं सगळं बालपण गेलं. माझ्या भावानं एकदा त्यात दातांची कवळी शोधली होती." मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं आणि "तुम्ही दोघं सारखंच करता" या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे दोघं कोण?"

"एक मी."

"दुसरं?"

"ते सांगायची मला परवानगी नाही."

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या दोन अटी होत्या, दोन्ही समितीच्या अहवालात गेल्या. प्रशिक्षण घेणाऱ्यांना शेवटच्या सिग्नलपलीकडं पाठवावं, ही एक. दुसरी अशी की ज्याच्यासाठी सेवा आहे त्याला स्वतःला विचारावं, ज्या रीतीनं तो बोलतो त्या रीतीनं, आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. हे वाक्य मी लिहिलं. कर्ता आणि क्रियापद एकाच ओळीत आहेत. माझ्या वरिष्ठांनी मला बरं नाही का म्हणून विचारलं.

मग काल निरोप गेला शंभर कचेऱ्यांना. कुणाची हरकत असल्यास पाचपर्यंत फोन करावा. मी फोनसमोर बसलो. तो वाजला नाही. याच शांततेवर मी इतकी वर्षं जगलो, आणि काल मला ती बघवेना. पाचाला थोडा वेळ राहिला असताना मीच टॅगार्टबाईंना फोन लावला.

"तुमची हरकत नाही ना?"

"दुबे, नियम विसरलात का? आम्ही फोन केला नाही म्हणजे हरकत नाही."

"ठाऊक आहे. तरी एकदा तोंडानं सांगा."

मी थांबलो. मग त्या म्हणाल्या, "हो, दुबे. हो."

सभागृहात त्या वेळी दोन सेनेटर होते आणि त्यांतला एक मोजे सारखे करत होता. अध्यक्षांच्या आसनावरून विचारलं गेलं, कुणाची हरकत? कुणाची नव्हती.

आता दुसरं. या कायद्याला पाच वर्षांचं आयुष्य आहे, मग पुन्हा तिथी. त्या वेळी सारथ्य दुसऱ्या कुणाकडं असेल. मी वसंतात निवृत्त होतो आहे. तू साठीची, मी तुझ्या मागोमाग, आणि रेमी विशीचा. अहवालात छापलंय की त्याला विचारावं आणि थांबावं. तू आणि मी नसताना तिथं थांबायला कोण असेल, हा विचार त्या बैठकीपासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. निदान पुढची वीसेक वर्षं तरी एक माणूस मला माहीत आहे, ज्याला आता थांबता येतं. त्याला सेंट अगाथात राहायला जागा हवी आहे.

तू लगेच हो म्हणशील, म्हणून तुला विचारत नाही. घर तुझं आहे, पण खोली आता त्याची आहे. वेगळ्या पाकिटात रेमीला पत्र घातलं आहे, त्यात विनोद एकही नाही, तीन वेळा तपासून पाहिलं. त्यात विचारलंय की मी वरच्या खोलीत राहायला आलो तर चालेल का. दगड हलणार नाहीत, पलंग त्यांच्या सोयीनं लागेल, दिवा आवाज करत असेल तर बदलीन. उत्तराला मुदत नाही. उत्तर आलं नाही तर मी ते हो धरणार नाही. तू त्याला आठवण करू नकोस, आणि माझ्या बाजूनं एक शब्दही बोलू नकोस.

शंभर सेनेटरांच्या हरकतींमुळं माझी इतकी वर्षं कधी झोप उडाली नाही. कायद्याची आता काळजी नाही, तुझा गुडघाही बरा होतो आहे. काळजी एकच आहे. त्या टॅबलेटवर मोठं लाल बटण आहे, आणि तो नाही म्हणेल, अशी मला भीती वाटते.

क्लोव्हिस